सगळ्यात जास्त रोधकतेचा थर गप्प का राहिला? घट्ट वालुकाश्मातल्या एका विहिरीचं प्रकरण

गॅससाठीची विहीर खोदून झाली आहे, लॉग (भोकात उपकरणं सोडून खोलीनुसार घेतलेली खडकाची वाचनं) हातात आहेत, आणि ज्या थरावर सगळी भिस्त होती त्याच्या चाचणीत गॅसचा जेमतेम मागमूस लागला आहे. पाणी मात्र थेंबभरही आलेलं नाही. आता विहीर सोडून द्यायची, की उरलेल्या दोन थरांपैकी एखाद्यावर हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगचा (दाबाने द्रव घालून खडकात फट पाडण्याचा) खर्च करायचा, हे ठरवायचं आहे. खर्च मोठा आहे आणि पुरावा म्हणून हातात फक्त लॉग, थोडा कोअर (खडकाचा कापून वर आणलेला तुकडा) आणि शेजारच्या विहिरीतला पाण्याचा एक नमुना आहे.

ही विहीर कुठल्या एका क्षेत्रातली नाही. कमी सच्छिद्रतेच्या, म्हणजे छिद्रांचा हिस्सा कमी असलेल्या, वालुकाश्मांत जशी वाचनं वारंवार समोर येतात तशी वाचनं घेऊन मी ती अभ्यासासाठी बांधली आहे. सूत्रं आणि खनिजांचे गुणधर्म नेहमीचेच आहेत, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर पुढचा जवळजवळ प्रत्येक आकडा वाचकाला स्वतः काढून बघता येईल. तसा तो काढावाच, कारण या खडकांत चूक होते ती बहुतेक वेळा दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकात.

हातात काय होतं

सुमारे ३,४०० मीटर खोलीवर वालुकाश्माचे तीन थर आहेत. त्यांच्याखाली चार मीटर शेल (क्लेचा, म्हणजे चिकणमातीच्या खनिजांचा, खडक) आणि त्याखाली आणखी एक वाळूचा थर, ज्याकडे सुरुवातीला कुणी फारसं पाहिलं नाही. भोक २१६ मिलिमीटरचं, मड (खोदताना भोकात फिरवलेला चिखलासारखा द्रव) पाण्यावर आधारित आणि बॅराइट (मड जड करणारं खनिज) न घातलेलं. तापमान १२० अंश सेल्सिअस. न्यूट्रॉन लॉग, जो हायड्रोजनवरून सच्छिद्रता सांगतो, वालुकाश्माच्या मापावर मांडलेला आहे. गॅमा किरण लॉगवर स्वच्छ, म्हणजे क्ले नसलेली, वाळू ३० एपीआयच्या आसपास आणि शेल १२० च्या आसपास दिसतं. खोल लॅटरोलॉगची रोधकता (खडकाचा विजेला विरोध, भिंतीपासून दूरवर मोजलेला) ओम-मीटरमध्ये आणि घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये वाचावी. पीई म्हणजे खनिज ओळखायला मदत करणारं प्रकाशविद्युत शोषणाचं वाचन.

| थर | जाडी (मी.) | गॅमा | घनता | न्यूट्रॉन (%) | रोधकता | पीई |
|---|---|---|---|---|---|---|
| वरचा | ९ | ४५ | २.५३ | ७ | ६० | १.९ |
| मधला | ६ | ३२ | २.६२ | ३ | १८० | २.७ |
| खालचा | १४ | ५८ | २.५० | ११ | १२ | २.१ |

कॅलिपर, म्हणजे भोकाचा व्यास मोजणारा लॉग, तिन्ही थरांत सरळ आहे आणि घनता लॉगची दुरुस्ती शून्याच्या जवळ आहे. ही खात्री आधी करून घेतली नाही तर पुढचं सगळं गणित व्यर्थ जातं. भोकाची भिंत खडबडीत असेल तर घनतेचा पॅड मडवर टेकतो, घनता कमी दिसते आणि जिथे छिद्रं नाहीत तिथे ती कागदावर उगवतात.

पहिलं वाचन

पहिला निष्कर्ष झटपट निघाला होता. मधला थर सगळ्यात स्वच्छ, रोधकता १८०, म्हणून गॅस. खालच्या थराची रोधकता १२, आणि शेजारच्या शेलची ८. घनतेवरून सच्छिद्रता ९.१%, आर्चीच्या सूत्राने पाणी ६३%. पाण्यासाठी ६०% ची मर्यादा ठरलेली होती, त्यामुळे हा थर यादीतूनच गळाला. वरचा थर बरा दिसला, पण तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. पर्फोरेशन, म्हणजे केसिंगला (विहिरीतल्या पोलादी नळीला) भोकं पाडणं, मधल्या थरात झालं.

यातली गफलत रोधकतेचा अर्थ लावण्यात आहे. मीठ-पाणी वीज वाहून नेतं, क्वार्ट्झचे कण नेत नाहीत. पंचवीस टक्के सच्छिद्रतेच्या वाळूत रोधकता वाढली तर पाण्याची जागा तेलाने किंवा गॅसने घेतली असावी असा संशय घ्यायला जागा असते. तीन टक्क्यांच्या खडकात मुळात पाण्याला राहायला जागाच नसते, त्यामुळे रोधकता काहीही न करता चढते. आर्चीने १९४२ साली मांडलेल्या नात्यानुसार पूर्ण पाण्याने भरलेल्या खडकाची रोधकता म्हणजे पाण्याची रोधकता भागिले सच्छिद्रतेचा 'एम' हा घात. ही रोधकता भागिले मोजलेली रोधकता, याचं वर्गमूळ म्हणजे छिद्रांतल्या पाण्याचा हिस्सा. शेजारच्या विहिरीतलं पाणी २५ अंशांना ०.१२ ओम-मीटर भरलं. १२० अंशांना नेल्यावर ते साधारण ०.०४ होतं. 'एम' २ धरला तर २५% सच्छिद्रतेचा पाण्याने भरलेला खडक ०.६४ ओम-मीटर दाखवेल, ६% चा ११, आणि ३% चा ४४. ज्या आकड्याला एखाद्या मऊ, सच्छिद्र वाळूत गॅस म्हणून टाळ्या पडल्या असत्या, तो इथे निव्वळ पाण्याचाही असू शकतो.

म्हणून कमी सच्छिद्रतेच्या खडकात रोधकतेचा लॉग सगळ्यात शेवटी वाचावा असं माझं ठाम मत आहे. आधी खडक कशाचा बनला आहे, मग त्यात छिद्रं किती, आणि मगच त्या छिद्रांत काय आहे. हा क्रम उलटला की मधल्या थरासारखी निवड होते.

कणांची घनता

घनता लॉग सच्छिद्रता मोजत नाही, तो खडकाची एकूण घनता मोजतो. सच्छिद्रता आपण काढतो, आणि त्यासाठी कणांची घनता आपल्याला गृहीत धरावी लागते. सवयीने २.६५ धरली जाते, म्हणजे शुद्ध क्वार्ट्झ. पण घट्ट वालुकाश्म घट्ट झालेला असतो तोच मुळी दाब, क्वार्ट्झची वाढ, कॅल्साइट-डोलोमाइटचं सिमेंट आणि छिद्रांत वाढलेली क्ले खनिजं यांच्यामुळे. कॅल्साइट २.७१, डोलोमाइट २.८७, लोहयुक्त सिमेंट त्याहून जड. फेल्डस्पार असेल तर उलट हलकं.

कणांच्या घनतेत ०.०२ ची चूक झाली तर सच्छिद्रतेत साधारण एका टक्के-अंकाचा फरक पडतो. पंचवीस टक्क्यांच्या वाळूत तो साधारण पंचविसावा हिस्सा. आठ टक्क्यांच्या वाळूत सातवा हिस्सा, आणि आर्चीच्या सूत्रात तो घात होऊन आणखी मोठा होतो. गोणी तोलायच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं हे काम आहे. काटा तोच, पण चूक परवडत नाही.

या विहिरीत कोअर होता. वरच्या थराच्या कणांची घनता २.६७ निघाली आणि खालच्या थराची २.६८. खालच्या थरात वाळूच्या कणांवर क्लोराइटचं आवरण आहे. मधल्या थरात कोअर नव्हता, पण तिथे पीई लॉगने पुरेसं सांगितलं. क्वार्ट्झचं पीई १.८ आणि कॅल्साइटचं ५.१. आकारमानाने पाव हिस्सा कॅल्साइट मिसळलं की मिश्रणाचं पीई २.६ ते २.७ येतं. म्हणजे मधल्या थराचं 'स्वच्छ' गॅमा वाचन खरं होतं, तिथे क्ले नव्हतीच. पण छिद्रं कॅल्साइटने बुजलेली होती. बॅराइटचं मड असतं तर हा पुरावा मिळाला नसता, कारण बॅराइट पीईचं वाचन पार बिघडवतं.

मधल्या थराच्या कणांची घनता २.६६५ घेऊन सच्छिद्रता २.७% येते, न्यूट्रॉन ३% म्हणतो. तीन टक्के धरू. 'एम' २ ठेवला तर पाणी ५०%, आणि 'एम' सैल करून १.७५ घेतला तर ३२%. आता गंमत बघा, टक्केवारी चांगलीच दिसते! ३२% पाणी म्हणजे ६८% गॅस. पण जाडी, सच्छिद्रता आणि गॅसचा हिस्सा यांचा गुणाकार केला तर सहा मीटरच्या थरात गॅसचा स्तंभ फक्त ०.१२ मीटर उंचीचा. एवढ्याशा छिद्रांतून, एकमेकांपासून तुटलेल्या जागांतून, तो बाहेर येणारही नाही. चाचणीत गॅस जेमतेम आणि पाणी अजिबात नाही, हे नेमकं याच खडकाचं वर्तन आहे. ही चाचणी विहिरीविरुद्धचा पुरावा नाही. तिने एवढंच सिद्ध केलं की बुजलेल्या थराला भोक पाडलं.

गॅसचा ठसा कुठे गेला

वरच्या थरात एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. २.६५ आणि पाण्याची घनता १ धरून वरच्या थराची सच्छिद्रता ७.३% येते. कोअरची २.६७ घेतली तर ८.४%. पण भोकाभोवतीच्या पट्ट्यात फक्त फिल्ट्रेट (मडमधून खडकात झिरपलेलं पाणी) नसतं, उरलेला गॅसही असतो. या खोलीवर गॅसची घनता ०.२ च्या आसपास. पट्ट्यात पाऊण हिस्सा फिल्ट्रेट आणि पाव हिस्सा गॅस धरला तर मिश्रण ०.८ होतं आणि सच्छिद्रता ७.५%. कोअरही दाबाखाली मोजल्यावर याच आसपास येतो. पहिल्या वाचनातला ७.३ चा आकडा बरोबर होता, पण दोन चुका एकमेकींना छेदून गेल्या म्हणून. तीच सवय घेऊन माणूस खालच्या थरावर गेला की तिथे चुका छेदत नाहीत, आणि तिथेच फसगत होते.

आता न्यूट्रॉन. गॅसमध्ये हायड्रोजन विरळ असतो, त्यामुळे न्यूट्रॉन सच्छिद्रता कमी दाखवतो आणि घनतेवरून काढलेली सच्छिद्रता जास्त दिसते. दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडतात. गॅस ओळखायची ही सगळ्यांच्या ओळखीची खूण. घट्ट खडकात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि त्याला तीन कारणं आहेत.

छिद्रंच कमी, म्हणून गॅसही कमी, म्हणून ठसा पुसट. हे पहिलं आणि सरळ.

दुसरं फिल्ट्रेटचं. भोकाच्या प्रत्येक मीटरमागे दहा लिटर फिल्ट्रेट खडकात गेलं आणि त्याने छिद्रांतला निम्मा द्रव हटवला असं धरू. २५% सच्छिद्रतेत ते भिंतीपासून साधारण ८ ते ९ सेंटिमीटर आत पोचेल. ८% मध्ये १९ सेंटिमीटर. घनता लॉगचं बहुतेक वाचन पहिल्या १० ते १५ सेंटिमीटरमधून येतं. म्हणजे घट्ट खडकात तो बराचसा धुतलेला भागच पाहतो. (अतिशय घट्ट खडक फिल्ट्रेटला आतच घेत नाही हेही खरं. पण मडकेक (भिंतीवर साचलेला मडचा थर) नीट बसेपर्यंत केशाकर्षणाने पाणी आत ओढलं जातं. दोन्ही बाजू असतात, त्यामुळे फिल्ट्रेट किती आत गेलं हे वेगवेगळ्या खोलीच्या रोधकतांवरून तपासावं, गृहीत धरू नये.)

तिसरं कारण क्ले. क्ले खनिजांच्या रचनेतच हायड्रोजन असतो आणि क्लोराइटमध्ये तो भरपूर असतो. खालच्या थरात आकारमानाने पाचेक टक्के क्लोराइट आहे. तेवढ्याने न्यूट्रॉन अडीच टक्के-अंकांनी वर जातो. छिद्रं पाण्याने भरलेली असती तर न्यूट्रॉन १२ च्या वर गेला असता. तो ११ आहे. गॅसने त्याला खाली ओढलंय, क्लेने वर ढकललंय, आणि लॉगवर दोन रेघा शेलमध्ये असतात तशा, ओलांडल्याशिवाय उभ्या आहेत. ओलांडणी दिसली नाही म्हणून गॅस नाही, असं खालच्या थराबाबत म्हणता येत नाही.

एक सावधगिरी उलट बाजूची. न्यूट्रॉन जर चुनखडकाच्या मापावर छापलेला असेल तर स्वच्छ, पाण्याने भरलेल्या वालुकाश्मातही रेघा ओलांडतात. ती ओलांडणी खडकाची असते, गॅसची नव्हे. मापपट्टी लॉगच्या मथळ्यावर वाचून मगच बोलावं.

तेलाच्या बाबतीत ही खूण तशीही मिळत नाही, कारण तेलातला हायड्रोजन पाण्याच्या जवळपास असतो. तिथे मडमधून वर येणाऱ्या वायूंची घडण, म्हणजे मिथेनच्या तुलनेत जड घटक किती, हे जास्त बोलतं. आणि खडक तेलाने ओला होणारा असेल तर आर्चीच्या सूत्रातला 'एन' (पाण्याच्या हिश्शाचा घात; तो २ धरल्यामुळेच वर्गमूळ घेतलं जातं) २ च्या वर जातो. मग २ धरून काढलेलं पाणी खऱ्यापेक्षा कमी दिसतं. या विहिरीत जड घटक नगण्य होते, म्हणून इथे गॅसचाच विचार केला आहे.

शेलखालचा वाळूचा थर, ज्याकडे कुणी पाहिलं नव्हतं

प्रकरण फिरलं ते इथे. चार मीटर शेलखालच्या त्या वाळूची सच्छिद्रता १०% आहे आणि रोधकता ३. त्यात 'एम' २ आणि पाणी ०.०४ घालून आर्चीचं सूत्र लावलं तर पाणी ११५% येतं. शंभराच्या वर पाणी असू शकत नाही, म्हणजे गृहीतकांपैकी काहीतरी चुकतंय. अशी अशक्य उत्तरं अनेकदा शंभरावर कापून पुढे जातात, आणि संगणकात ती मर्यादा आपोआप लागलेलीही असते. माझं म्हणणं असं की अशक्य उत्तर हा या खडकांत मिळणारा सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. ते कापू नये.

दोन शक्यता. एकतर पाणी जास्त खारट आहे, म्हणजे ०.०३, मग 'एम' २ ठेवूनही पाणी बरोबर १००% येतं. किंवा पाणी ०.०४ च आहे, पण 'एम' कमी आहे. कोअरवर मोजलेला 'एम' १० टक्क्यांच्या आसपास १.८५ निघाला, तो घालून पाणी ९७% येतं. घट्ट वालुकाश्मांत सच्छिद्रता घटत जाते तसा 'एम' घटताना दिसतो. पश्चिम अमेरिकेतल्या मेसाव्हर्डे वालुकाश्मांच्या कोअरवरही तसंच दिसलं आहे. कारण उरलेली छिद्रं कणांच्या कडांमधल्या चपट्या फटींसारखी असतात आणि फट अरुंद असली तरी वीज सरळ वाट काढते.

पिकेटच्या आलेखावरून (सच्छिद्रता विरुद्ध रोधकता) 'एम' काढायचा मोह होईल. इथे तो टाळावा. त्या आलेखात पाण्याच्या रेषेचा उतार 'एम' देतो, पण त्यासाठी वेगवेगळ्या सच्छिद्रतेचे पाण्याने भरलेले बिंदू लागतात. इथे सगळे बिंदू ९ ते ११ टक्क्यांत गोळा झालेले आहेत. त्यांच्यातून कुठल्याही उताराची रेषा काढता येते आणि प्रत्येक रेषा खरी वाटते.

पण खालच्या थरापुरतं बघायचं तर या वादाचा निकाल लागायची वाटही पाहावी लागत नाही. खालचा थर आणि पाण्याचा थर, दोघांची सच्छिद्रता जवळजवळ सारखी, कोअरमधली खनिजं सारखी, अंतर चार मीटर, म्हणजे पाण्याची क्षारताही तीच धरायला हरकत नाही. मग 'एम' काहीही असो आणि पाणी ०.०३ असो वा ०.०४, दोन्ही थरांत ते सारखंच लागू होतं आणि भागाकारात उडून जातं. १२ भागिले ३ म्हणजे ४, त्याचं वर्गमूळ २. खालच्या थरात पाणी ५०%. 'एन' २ धरणं एवढं एकच गृहीतक उरतं. इतका साधा हिशेब, आणि याच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे, कारण यात बाहेरून आणलेलं जवळजवळ काही नाही.

सविस्तर हिशेबही तिथेच जातो. खालच्या थरासाठी कण २.६८ आणि छिद्रांतला द्रव ०.८५ घेऊन सच्छिद्रता ९.८%, 'एम' १.८५, पाणी ०.०४, उत्तर ५०%. वरच्या थरात 'एम' १.८ घेऊन पाणी २७%, आणि २ घेतला तरी ३४%. तो दोन्ही हिशेबांत गॅसचाच राहतो.

क्लेमधून वाहणारी वीज

पन्नास टक्क्यांतूनही थोडं कमी व्हायला हवं. क्लेच्या पृष्ठभागावरचे आयन स्वतःही वीज वाहतात, त्यामुळे रोधकता उतरते आणि पाणी असल्याचा भास होतो. वॅक्समन आणि स्मिट्स यांनी १९६८ मध्ये हे सूत्रात बसवलं. त्यात क्लेचा भार छिद्रांच्या आकारमानाने भागलेला असतो, आणि घट्ट खडकात नेमका तो छेदच लहान असतो. कोअरमध्ये शंभर ग्रॅम खडकामागे ०.६ मिलिइक्विव्हॅलंट इतकीच आयन-विनिमय क्षमता (क्लेच्या त्या भाराचं माप) मिळाली. तेवढीच क्ले २५ टक्क्यांच्या वाळूत असती तर छिद्रांच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमागे ०.०५ आली असती आणि कुणी दखलही घेतली नसती. ९.८% मध्ये ती ०.१५ होते. या तापमानाला खडक पूर्ण पाण्याने भरलेला असताना क्लेचा वाटा खाऱ्या पाण्याच्या वाहकतेच्या साधारण दहावा हिस्सा. आणि पाणी निम्म्यावर आलं की उरलेल्या पाण्यात तेच आयन दाटतात आणि वाटा पाचव्या हिश्शाच्या वर जातो. क्लेसाठी दुरुस्त केलेला 'एम' १.८८ घेऊन हिशेब सोडवला की पाणी ४६% येतं.

६३ वरून ४६. रोधकतेचं वाचन तेच १२. बदलली ती खडकाची समज. गॅसचा स्तंभ मोजला तर वरच्या थरात ०.५ मीटर, खालच्या थरात ०.७ ते ०.७४. जो थर यादीतून गळाला होता, विहिरीतला सगळ्यात मोठा साठा त्यात आहे.

पण ४६% पाणी वाहणार नाही का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रोधकतेतून मिळत नाही. पाणी किती आहे यापेक्षा ते कुठे आहे हे इथे महत्त्वाचं. क्लोराइटच्या आवरणातल्या सूक्ष्म छिद्रांत केशाकर्षणाने धरलेलं पाणी हलत नाही.

त्यासाठी एनएमआर, म्हणजे चुंबकीय अनुनादाने छिद्रांतल्या द्रवातला हायड्रोजन पाहणारा, लॉग पाहिला. एकूण सच्छिद्रता ८.६% दाखवतो, म्हणजे ९.८ पेक्षा कमी, आणि ते अपेक्षितच आहे, कारण गॅसमध्ये हायड्रोजन विरळ असल्याने एनएमआरला तो पूर्ण दिसत नाही. घनतेची न दुरुस्त केलेली १०.७ आणि एनएमआरची ८.६ यांना अनुक्रमे ०.६ आणि ०.४ वजन देऊन बेरीज केली की ९.९ येते. वेगळ्या वाटेने काढलेली सच्छिद्रता इतकी जुळणं समाधानाचं आहे.

बांधलेलं आणि मोकळं पाणी वेगळं करायला वालुकाश्मात, संकेत विझायला लागणाऱ्या वेळेची, ३३ मिलिसेकंदांची मर्यादा सर्रास वापरतात. ती घेतली तर बांधलेला द्रव ६.४% येतो, म्हणजे रोधकतेवरून काढलेल्या एकूण पाण्याहूनही जास्त; हे जुळत नाही. लोहयुक्त क्लोराइट एनएमआरचा संकेत लवकर विझवतो, त्यामुळे मोकळा द्रवही बांधल्यासारखा दिसतो आणि मर्यादा खाली आणावी लागते. कोअर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, आधी आणि नंतर मोजून, या खडकासाठी १५ मिलिसेकंदांची मर्यादा मिळाली. त्यानुसार बांधलेलं पाणी ४.३%. रोधकतेवरून एकूण पाणी ९.८ गुणिले ०.४६, म्हणजे ४.५%. जवळजवळ सगळं पाणी बांधलेलं आहे.

यावरून पाण्याशिवाय गॅस येईल असा निष्कर्ष निघतो, पण तो किती वेगाने येईल हे निघत नाही. घट्ट खडकांत पाण्याचा हिस्सा एका पट्ट्यात असला की गॅसही वाहत नाही आणि पाणीही वाहत नाही. मोकळ्या वाळूत असा पट्टा जवळजवळ नसतोच. कोअरची पारगम्यता (खडकातून द्रव-वायू किती सहज वाहतो त्याचं माप) प्रयोगशाळेत सामान्य दाबाखाली ०.०८ मिलिडार्सी आली. हवेने मोजल्यामुळे ती फुगते, हे क्लिंकेनबर्गने १९४१ मध्येच दाखवलं. त्यावर जमिनीखालचा दाब चढवला की घट्ट खडकात ती पाच-दहा पटींनी खाली येऊ शकते. अमेरिकेत १९७८ च्या वायू धोरण कायद्यानंतर 'घट्ट' ठरवण्यासाठी आलेली ०.१ मिलिडार्सीची रेषा हा थर सहज ओलांडून खाली उतरतो. फ्रॅक्चर न करता याची चाचणी घेतली असती तर हाही मधल्यासारखाच गप्प बसला असता, आणि त्या गप्प बसण्याला 'कोरडा' असं नाव मिळालं असतं.

निर्णय

माझी शिफारस दोन्ही थर फ्रॅक्चर करण्याची आहे. आधी खालचा, मग वरचा. मधला थर सोडून द्यावा. पण त्याची भोकं उघडी आहेत हे विसरून चालणार नाही. ती सिमेंटने बुजवून दाबाखाली तपासल्याशिवाय वरच्या थराचं काम सुरू करू नये, आणि खालच्या थराच्या वेळी पॅकर (केसिंगमधली जागा अडवणारं बूच) मधल्या थराच्या खाली बसवावा.

खालच्या थराचा खरा धोका लॉगच्या वाचनात नाही, चार मीटर शेलमध्ये आहे. फ्रॅक्चर खाली उतरून पाण्याच्या वाळूत गेलं तर साठा कितीही चांगला असला तरी विहीर पाणी काढत बसेल. म्हणून पर्फोरेशन थराच्या वरच्या सात मीटरमध्येच करावं. द्विध्रुवी ध्वनी लॉगवरून शेल आणि वाळू यांच्यातला ताणाचा फरक काढावा. तो आकडा खडकाच्या गुणधर्मांवरून काढलेला असतो, मोजलेला नसतो, म्हणून मुख्य कामाआधी थोडासा द्रव आत घालून फट कोणत्या दाबाला मिटते ते प्रत्यक्ष मोजावं. शेल आणि वाळूच्या ताणात फरक नाही असं दिसलं तर खालच्या थराचं काम लहान करावं, किंवा तो सोडून फक्त वरच्यावर थांबावं. वरच्या थराचा गॅस कमी आहे, पण त्याच्याबद्दलची शंकाही कमी आहे.

सिमेंटचा लॉग (केसिंगमागचं सिमेंट किती पक्कं बसलंय ते दाखवणारा) त्या चार मीटरमध्ये स्वतंत्रपणे वाचावा. संपूर्ण विहिरीची सरासरी चांगली असून उपयोग नाही. केसिंगमागून पाण्याला वाट मिळाली तर फ्रॅक्चरची उंची सांभाळून काहीच साधणार नाही.

फ्रॅक्चरनंतर पहिले काही दिवस पाणीच येणार, कारण घातलेला द्रव परततो. त्याला घाबरून चोक (प्रवाह आवरणारी झडप) बंद करू नये, आणि त्याकडे डोळेझाकही करू नये. दर काही तासांनी परतलेल्या पाण्याची रोधकता २५ अंशांवर आणून नोंदवावी आणि शेजारी एकूण आकारमान लिहावं. घातलेला द्रवही खडकातलं मीठ विरघळवतो, म्हणून रोधकता ०.१२ कडे उतरू लागली एवढ्यावरून पाण्याची वाळू उघडली असं ठरत नाही. रोधकता ०.१२ वर स्थिरावली, परतलेलं पाणी घातलेल्या द्रवापेक्षा जास्त झालं, आणि तरीही रोजचं पाणी घटत नाही, हे तिन्ही एकत्र दिसलं तर खालच्या थरावर प्लग बसवून वरच्या थराकडे वळावं.